घाटातलं दही

आई,

उद्या डोंगराचा टप्पा आहे. कुठल्या तरी परदेशातली सायकलची शर्यत, तीन आठवडे चालणारी, आणि ह्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय. उद्या दुपारी कोणी आलं तर दार उघडायचं नाही, जेवण बाराच्या आत, फोन आला तर मीच घ्यायचा आणि ‘बाहेर गेलेत’ म्हणायचं, अशी मला तंबी मिळाली आहे. वय सत्तरीकडे झुकलं, जिना चढताना कठड्याला धरतात, पण टीव्हीवर कोणी चढ चढायला लागला की ह्यांचेच पाय खुर्चीखाली हलायला लागतात. मी विचारलं, ‘तुम्हाला चढायचाय का उद्या?’ तर म्हणाले, ‘बघायलासुद्धा दम लागतो, तुला नाही कळायचं.’ मला नाही कळायचं! सातपूरच्या आपल्या खानावळीत वाढलेल्या मुलीला हे सांगतात! तुझा जावई आहे, तूच बघ आता.

तेव्हा तो तुझा जावई नव्हता. तेव्हा तो नुसता पेठवाला होता, पेठ तालुक्यातल्या डोंगरातून आलेला, कारखान्यात टेंपररी फिटर. बाबांच्या पश्चात तू दोन खोल्यांमध्ये चालवलेल्या खानावळीत दोन वेळा जेवायचा, तिसरी भाकरी मागायला लाजायचा, आणि तू न मागता वाढायचीस. कारखान्यात त्याला काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा काम. कायम करावं लागू नये म्हणून सगळीकडे हाच खेळ चालायचा. ब्रेक मिळाला की तो काळ्या सायकलवर टांग मारून गावी जायचा, घाट उतरून, आणि परत येताना तोच घाट चढून. त्यातूनच तो शर्यतींत शिरला. पहिल्या शर्यतीला कॅरिअर काढायचं असतं हेसुद्धा त्याला कोणीतरी सुरुवातीच्या रेषेवर सांगितलं होतं.

ती मोठी शर्यत आली तेव्हा मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. पाच दिवसांची, पाच गावांमधून फिरणारी, आणि शेवटच्या दिवशी पेठेहून निघून, घाट चढून नाशिकला संपणारी. आपली खानावळ त्या आठवड्यात खानावळ राहिलीच नव्हती. दाराशी पाटी असायची ना, ‘आजची भाजी’ लिहायची, तिच्यावर भाजीच्या खाली खडूनं शर्यतीचा निकाल यायला लागला. वर मटकीची उसळ, खाली पहिला कोण, दुसरा कोण, आपला कितवा. पहिल्या दिवशी आपला कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी सातवा. तिसऱ्या दिवशी चौथा आला तेव्हा तू पाटीवरची भाजी पुसून श्रीखंड लिहिलंस आणि मग संध्याकाळपर्यंत चक्का बांधत बसलीस.

एकलहऱ्याचा मामा रजा टाकून आला होता. वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला सायकलीतलं काय कळणार, पण मामाला सगळंच कळायचं. ताटातल्या मिठाचा घाट करून, त्यात बोटानं वळणं काढून तो सांगायचा, ‘हे बघ ताई, इथपर्यंत सगळे बरोबर. इथून पुढे पुण्याचा तो गिअरवाला सुटणार. परदेशी सायकल आहे त्याची, लोण्यातून सुरी जावी तशी जाते.’ जेवायला येणारा सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा एक वेल्डर होता, तो लगेच उसळायचा. ‘काय सांगस मामा! आज तो मांगे शे, पन घाटमा आपलाच पुढे जाई. त्याना घरना घाट शे तो!’ मग दोघांची जुंपायची आणि मिठाचा घाट उसळीत पडायचा. तू पोळी लाटता लाटता एवढंच विचारायचीस, ‘पण त्याला खायला काय देतात तिथे?’

चौथ्या दिवशी पेठवाला तिसरा होता आणि पुढच्या दोघांशी अंतर इतकं थोडं राहिलं होतं की घाटात जो आधी वर पोचेल त्याचीच शर्यत, असं सगळेच म्हणायला लागले. आणि त्याच दिवशी ती बातमी आली. रेल्वेतले कोणी साहेब शेवटच्या दिवशी नाशिकला येणार होते, आणि पहिला येणाऱ्याला खेळाडू म्हणून कायमची नोकरी. कायमची! आठवतं? तिथे जेवणाऱ्या निम्म्या लोकांनी तो शब्द फक्त ऐकलेला होता. वेल्डरनं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, ‘मावशी, उद्या काय खरं नई मना, कामले दांडी.’ उद्या सगळ्यांनी घाटात जायचं तिथल्या तिथे ठरलं. तू पाटी पुसलीस आणि स्वतःच्या हातानं लिहिलंस, ‘उद्या खानावळ बंद. सगळे घाटात.’ बाबा गेले त्यानंतर पहिल्यांदा तू एक दिवस चूल बंद ठेवलीस.

आता त्या दह्याचं. आपल्या खानावळीचा नियमच होता तो. कोणाची मुलाखत असो, कोणाची आयटीआयची परीक्षा असो, कोणी मुलगी बघायला निघालेला असो, तुझ्या हातचं दही-साखर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. उजवा तळहात पुढे करायचा, तू चमचाभर घालायचीस, तो चाटायचा, ‘येतो मावशी’ म्हणायचं, आणि मग जायचं. ‘जातो’ म्हटलं की तू परत आत बोलवायचीस. पेठवाल्यानं तर तीन वर्षांत इतक्या वेळा हात पुढे केला होता, प्रत्येक ब्रेकनंतर परत कामावर जाताना, की तुला चमचा शोधताना बघितलं तरी त्याचा हात आपोआप पुढे यायचा. त्या शेवटच्या दिवशी मात्र तो पेठेत, इतर स्पर्धकांबरोबर. ‘नेमकं आजच दही न घेता निघायचा पोरगा,’ असं तू चारदा म्हणालीस. जानेवारीची थंडी, दही लागेना, तर तू पातेलं बाबांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवलंस आणि सकाळी स्टीलच्या डब्यात भरून घेतलंस. मामा म्हणाला, ‘ताई, तो वाऱ्यासारखा जाईल, कुठे देणार तू दही?’ तू म्हणालीस, ‘दुरून दाखवीन. दिसलं तरी पुरे.’

एका वर्कशॉपच्या टेम्पोत आपण सगळे उभे. दशम्या, ठेचा, कांद्याची पिशवी, मामाची चटई. मखमलाबाद मागे पडलं तशी द्राक्षाच्या बागांवरून गार वारा यायला लागला आणि वेल्डर गायला लागला, तेव्हा मामा म्हणाला की ह्यापेक्षा थंडी बरी. घाटमाथ्यावर पोचलो तर आपल्या आधी माणसं! आसपासच्या पाड्यांवरची, बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे काठ्या घेऊन. त्यांच्याच भागातला मुलगा येणार होता. माथ्यावर, चढ संपतो तिथे, रस्त्यात चुन्याची रेघ मारली होती. तू त्या रेघेच्या जरा खाली, चढाच्या शेवटच्या वळणावर जागा धरलीस, कारण तिथे सावली होती. डबा मांडीवर, चमचा हातात.

आणि मग नुसती वाट बघणं. आई, मला आजही वाटतं, शर्यतीपेक्षा ती वाट बघणंच जास्त गोड होतं. दर थोड्या वेळानं कोणीतरी ओरडायचं, ‘आले!’ आणि यायचा लाकडाचा ट्रक, नाहीतर एसटी. एसटीलाही आम्ही टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले. मामा एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याला गिअर समजावून सांगतोय, म्हातारा मान डोलावतोय आणि शेवटी विचारतोय, ‘पन पाय त मारावाच लागं ना?’ वेल्डर दर ट्रकवाल्याला थांबवून विचारतोय, कोण पुढे आहे. एक म्हणाला लाल बनियन, दुसरा म्हणाला पिवळं. आपल्याचं निळं. तुझे ओठ हलतायत, बहुतेक देवाचं काहीतरी. मी उभी राहते, बसते, पुन्हा उभी राहते.

मग खालच्या वळणावरून ओरडा सुरू झाला आणि तो वर वर यायला लागला. शिटी वाजवत पोलिसाची मोटरसायकल गेली. आणि तिच्या मागे, एकटा, निळं बनियन! मागे थोड्या अंतरावर एक कोल्हापूरचा पोरगा, आणि त्याच्या मागे पुण्याचा गिअरवाला. वेल्डर वेड्यासारखा नाचत होता. ‘सांगेल नव्हतं का मी! सांगेल नव्हतं का!’ मामाची टोपी पडली, ती त्यानं उचललीसुद्धा नाही. तू उठलीस. दुरून दाखवणार होतीस ना तू? पण तू रस्त्याच्या कडेला आलीस आणि सवयीनं, अगदी खानावळीच्या दारात उभी असावीस तशी, चमचा पुढे केलास.

आणि तो थांबला.

एक पाय जमिनीवर टेकवला, सायकल मांडीला लावली, उजवा हात पुढे केला. श्वास इतका जोरात चालला होता की हात हलत होता, दही अर्धं मनगटावर गेलं. ‘अरे चल! अरे बाबा चल!’ सगळा घाट ओरडत होता. त्यानं दही चाटलं, तुझ्याकडे बघून म्हणाला, ‘येतो मावशी,’ आणि मग पाय मारला. तेवढ्यात कोल्हापूरचा पोचला. त्याला वाटलं, आयोजकांनीच स्पर्धकांना दही ठेवलंय! तोही थांबला, त्यानंही हात पुढे केला, आणि तू, आई, तू त्यालाही दिलंस! पुण्याचा कशाला थांबतोय. तो दोघांच्या बाजूनं खाली मान घालून गेला आणि रेघेवरून पहिला पार झाला.

उताराला परदेशी सायकल पुन्हा हाती लागली नाही. नाशिकला पुण्याचा पहिला, आपला दुसरा. रेल्वेचे साहेब पहिल्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. परतताना टेम्पोत कोणी गात नव्हतं. संध्याकाळी पेठवाला खानावळीत आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. तू त्याच्या ताटासमोर उभी राहिलीस आणि तुझा आवाज चिरका झाला, ‘अरे मेल्या, थांबायचं कशाला?’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘मावशी, तुमी हात पुढं केला, न् मी तसाच जाऊ? आसं व्हतं का कुठं?’ तू आत गेलीस ती बराच वेळ बाहेर आलीच नाहीस. त्याला भाकरी मी वाढली.

पुढचा ब्रेक मिळाला तो कायमचाच. मग त्यानं सातपूरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पंक्चर, ओव्हरहॉल, पुढे विक्री. आणि मी तुला सांगितलं की मला ह्याच्याशीच लग्न करायचंय, तेव्हा मी आठवडाभर भांडणाची तयारी केली होती. जात वेगळी, नोकरी नाही, मामा काय म्हणेल, सगळ्याची उत्तरं पाठ. तू पहिल्याच वाक्याला ‘बरं’ म्हणालीस. माझी सगळी मेहनत वाया! खूप नंतर माझ्या लक्षात आलं, तू भरपाई करत होतीस. रेल्वेच्या बदल्यात मुलगी. बरीच महागात पडली असेल ह्यांना.

पण तू ते मनातून काढलंच नाहीस. दर दिवाळीला ह्यांच्या पानात जास्तीचं तूप, आणि पाहुण्यांसमोर, ‘माझ्यामुळे गेली हो ह्यांची रेल्वे.’ हे हसायचे. मीही हसायचे. शेवटच्या आजारात, बोलणं जड झालं होतं तेव्हासुद्धा, ह्यांचा हात धरून तू तेच पुटपुटलीस. हे म्हणाले, ‘आई, कुठलं काय घेऊन बसलात.’ तुला ते खरं वाटलं नाही, तुझ्या चेहऱ्यावर दिसलं मला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण ह्यांच्यासमोर मला लाज वाटली. ह्या वयातही वाटतेय, म्हणून हा कागद ह्यांना दाखवणार नाही. आणि तुझा पत्ता माझ्याकडे नाही.

तर ऐक. त्या दिवशी घाटात सगळे कपाळावर हात मारत होते, मीही ‘चल, चल’ ओरडत होते, आणि आतून मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांतून पाणी आलं. मामाला वाटलं मी हरल्यामुळे रडतेय. मी तुझी एकुलती एक. कोणी मला घेऊन गेलं की मागे तू त्या दोन खोल्यांत एकटी, हा विचार कॉलेजात असल्यापासून माझ्या मानेवर बसलेला. आणि इथे एक माणूस, ज्याची सगळ्या जन्माची भाकरी त्या रेघेपलीकडे होती, तो माझ्या आईनं हात पुढे केला म्हणून थांबला. मी तिथेच ठरवून टाकलं. रेल्वेत लागला असता तर भुसावळला गेला असता, नाहीतर त्याहून लांब, हा हिशोब मी आदल्या दिवशीच करून बसले होते. सगळी खानावळ तो जिंकावा म्हणून वाट बघत होती, आणि मी एकटी तो हरावा म्हणून. तुझं दही आडवं आलं नसतं तर मला स्वतःला रस्त्यात उभं राहावं लागलं असतं, आई, आणि माझी तेवढी हिंमत नव्हती.