दाजींच्या होडीवरचं पारदर्शक प्लास्टिक

आदरणीय दाजी,

एव्हरेटचा नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हात तुमचा गुडघा आता नीट वळत असेल, आणि ताईने तिथल्या शेजाऱ्यांनाही एव्हाना शिस्त लावली असेल, असं धरून चालतो. तुमच्या होडीच्या हिवाळी आच्छादनाला एकूण लागलं ते असं: प्लास्टिकचा एक गुंडाळा, दोन शनिवार, माझी डावी भुवई (प्लास्टिक आवळायची गरम हवेची बंदूक वाऱ्याकडे तोंड करून पेटवायची नसते) आणि होड्यांच्या आवारवाल्या व्हर्नाचं माझ्याविषयीचं चांगलं मत. हे शेवटचं आधीच झिजलेलं होतं, तेव्हा फार धरू नका.

ऑक्टोबरात निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "एव्हरेट, माझ्या वडिलांनी हाताने बांधलेली होडी आहे. जूनमध्ये आमची लेक फीबी हिच्यातूनच बेटावर स्वतःच्या लग्नाला जाणार. नीट झाक, बाकी काही करू नकोस." आता, एक फावडं आणि एक खटारा ट्रक यांवर धंदा उभा करून ज्याने तीस वर्षं अख्ख्या गावाच्या संडासाच्या टाक्या बसवल्या, ज्याची एकही टाकी आजवर थेंबभर गळली नाही, त्याला हे सांगायची गरज नव्हती. पण तुम्ही थोरले. मी मान डोलावली.

व्हर्नाच्या आवारात (जिथे आपली होडी ठोकळ्यांवर उभी असते) प्लास्टिक तीन तऱ्हेचं मिळतं. निळ्यावर बर्फ लवकर वितळतं, पांढरं ऊन परतवतं, आणि पारदर्शकातून आतलं सगळं दिसतं. तिने न विचारताच पांढरा गुंडाळा काढला. मी पारदर्शक मागितलं.

"लाकडाची होडी आहे रे ती, काकडीचा मळा नाही," व्हर्ना म्हणाली.

"आत उजेड राहील, बाई. येताजाता नजर टाकता येईल."

"तोच उजेड थोडा डोक्यात पडला असता तर!"

जानेवारीत एका निरभ्र दुपारी नजर टाकायला म्हणून आत शिरलो. बाहेर मिशीवर बर्फ धरत होतं आणि आत, दाजी, साक्षात तुमचं फ्लोरिडा! कोट काढला, मग स्वेटर काढला. दुसऱ्या दिवशी उशी नेली. तिसऱ्या दिवशी शेवंडं पकडणारा हॉलिस, मी त्या फुग्यात बनियनवर काय करतोय हे विचारायला आला, तो मार्चपर्यंत गेलाच नाही. त्याची बायको शिंपल्यांचं कालवण पाठवायची, आम्ही पत्ते कुटायचो. फेब्रुवारीत कमरेएवढं बर्फ पडलं, पण आत एक कण आला असेल तर शपथ. झाकावं तर असं, हे मी भेटेल त्याला सांगितलं (न भेटणाऱ्यांना फोन केला).

मग मार्चमध्ये हॉलिसचा एक पत्ता तळाशी पडला. तो काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"एव्हरेट, इथून व्हर्नाचे बूट दिसतायत."

"आणि मला इथून तुझं नाक," खालून व्हर्नाचा आवाज आला. "वाळवलंत ना लाकूड? भट्टी लावल्यासारखं! ऊठ आधी, आणि त्या टाकीवाल्यालाही उठव."

झालं होतं असं की, उन्हाने फळ्या सुकून आकसल्या आणि सांधे उघडले. पण काळजी नसावी. लाकूड पाण्यात राहिलं की फुगतं आणि सांधे मिटतात, असं व्हर्ना स्वतः म्हणाली. (आणखीही बरंच म्हणाली, ते ताईच्या हाती पडणाऱ्या पत्रात लिहीत नाही.)

ताईला नमस्कार, फीबीला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
एव्हरेट

ता. क. तुम्ही शुक्रवारी निघणार असं कळलं. वाटेत व्हर्जिनियात म्हाताऱ्या कॉर्डेलिया मावशीकडे आठवडाभर राहून या ना. बिचारीकडे कोणी जात नाही.

ता. क. २. नुसतं जेवून निघू नका. पूर्ण आठवडा राहा.

ता. क. ३. होडी काल सकाळी पाण्यात उतरवली. आत्ता भरती आहे, त्यामुळे झेंड्याची काठी तेवढी दिसते.