कोळशाच्या रेघा

नागभीड, मंगळवार, संध्याकाळ

सत्तारचाचांची शबनम आज दुपारी गेली. वरातीची घोडी. बँडच्या आवाजाला कधी बिथरली नाही, शेवटी जंतांनी इतकी खंगली की तिला उभंही राहता येईना.

तबेल्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. दर दोन महिन्यांनी जंताचं औषध दिलं की चाचा एक रेघ ओढत. असं करा म्हणून सांगणारी मीच, जनावरांची नवी नवी डॉक्टर होऊन इथे आले तेव्हा. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलेलं.

मागच्या वर्षी प्रशिक्षणात कळलं, ते चूक आहे. औषधातून जे जंत वाचतात तेच वाढत जातात, मग औषध लागूच पडत नाही. आधी लीद तपासायची, त्यात जंतांची अंडी जास्त असली तरच औषध द्यायचं. चाचांना सांगायला जायचं होतं. का नाही गेले? मी गावातच तर होते.

परवा शबनमची लीद तपासली. औषध देऊन पंधराच दिवस झालेले, तरी काचेवर अंडीच अंडी.

आज चाचा त्या रेघांकडे बघत म्हणाले, "डॉक्टरबाई, एकबी रेघ चुकली नाई. मंग माह्यं कुठी चुकलं?"

तुमचं काही चुकलं नाही, एवढंच मी म्हणाले. चुकलं ते माझं, हे सांगितलं नाही.

निघताना त्यांनी पुढच्या रेघेसाठी आणून ठेवलेली औषधाची नळी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या कोनाच्या घोड्याच्या कामी येईन."

मी ती घेतली. आणि वर, बरं चाचा, असंही म्हटलं.