मुक्ताचे वीस प्रश्न

पूर्णा, गुरुवार

तीर्थस्वरूप विरेशमामांस शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल. (आईने आठवड्यात अकरा वेळा फोन लावला, तुम्ही एकदाही उचलला नाही. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्यापासून राणीसावरगावात तुमचा फोन फक्त वेळ बघायला वापरला जातो, असं आईचं म्हणणं. म्हणून हे पत्र.)

सांगायचं म्हणजे, मी जिंकले. फेब्रुवारीत चुडाव्याजवळच्या एका बंद वीटभट्टीवर मला एक कुत्री दिसली. भट्टीवाल्यांनी छपराचे पत्रे नेले, दाराची कडीसुद्धा नेली; साखळीला बांधलेली कुत्री तेवढी विसरले. अंगावर केस कमी, खरूज जास्त. मी तिला ओढणीत गुंडाळून ऑटोने घरी आणलं आणि नाव ठेवलं मुक्ता. अप्पा दुकानातून आले, ओट्यावर बघितलं आणि म्हणाले, "घरात पहिली पदवी तू आणलीस, पहिली खरूजबी तूच आणलीस." बसवजयंतीपर्यंत मुदत मिळाली. तोवर तिला घर मिळालं नाही, तर ती परत भट्टीवर.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि रोज एक उकडलेलं अंडं सांगितलं. आपल्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. म्हणून शेजारच्या कुसुमबाई सकाळी आठला भिंतीवरून अंडं द्यायच्या आणि आई नेमकी तेव्हा दुसरीकडे बघायची. (ती रोज आठलाच दुसरीकडे का बघते, हे अप्पांना कळायला महिना लागला.) एकदा पूजेनंतर आईने उरलेली विभूती मुक्ताच्या कपाळाला लावली, खरूज जावी म्हणून. अप्पा काठी घेऊन तिला हाकलायला आले, तर समोर तीन ठळक पट्टे ओढलेलं कपाळ. भस्म लावलेल्या जिवावर हात कसा उगारायचा, या पेचात ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी काठी मागे लपवून तिला म्हणाले, "सरका जरा." त्या दिवसापासून आई रोज विभूती लावते आणि अप्पा मुक्ताला अहोजाहो करतात.

खरूज गेली, केस आले, पण दोन महिन्यांत मुक्ता एकदाही भुंकली नाही. मुकी कुत्री कोणाला हवी? त्यात मी घर देणाऱ्यांसाठी वीस प्रश्नांचा फॉर्म केलेला. दोघं तो बघूनच परत गेले. तिसरे आले सटवाजी, कापसाच्या गोदामाचे राखणदार. म्हणाले, "पोरी, माझ्या लेकीच्या सोयरिकीत एवढं इचारलं न्हवतं."

मी म्हटलं, "लेक स्वतः बोलू शकते, काका. साखळीने बांधणार का?"

"न्हाई, न्हाई," म्हणत त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, आणि पिशवीत साखळी वाजली. मुक्ता उठली आणि भुंकली. अशी भुंकली की कुसुमबाई हातात झारा घेऊन भिंतीशी आल्या, अप्पा पूजा अर्धी टाकून ओलेत्याने बाहेर आले. सटवाजी खूश. "लय भारी भुंकायलीय, हीच पायजे."

अप्पांनी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "साखळी घेऊन जा, सटवाजी. कुत्री न्हाई मिळायची." (मामा, हे अप्पा बोलले. मी मागे उभी राहून रडत होते, पण ते फॉर्मात लिहायचं नव्हतं.)

आणि परवा, मुदत संपायला पाच दिवस असताना, वीसपैकी एकोणीस गुणांचं घर सापडलं. अंगण आहे, लिंबाची सावली आहे, साखळी नाही, माणूस दिवसभर घरी. अप्पांनीही मान डोलावली.

तब्येतीला जपा.

तुमची भाची,
त्रिवेणी (बी.ए.)

ता.क. ते घर तुमचं आहे. फॉर्म मी भरला, सही आईने केली. सख्ख्या बहिणीची चालते म्हणे. राहिला तो सोळावा प्रश्न: 'घरात कुत्र्याशी बोलणारं कोणी आहे का?' मी 'नाही' लिहिलं होतं. अप्पांनी ते खोडून लिहिलं, 'आहे. दोन वर्षं झाली, त्याचं ऐकणारं कोणी नाही.' याला गुण किती द्यायचे ते मला कळेना, म्हणून जागा रिकामी ठेवली आहे.

आणखी एक ता.क. रविवारी सकाळी आम्ही तिघं मुक्ताला घेऊन टेम्पोने निघतोय. पहिल्या दोन दिवसांची अंडी कुसुमबाई उकडून देणार आहेत. तुम्ही फक्त आठ वाजता अंडं ठेवून दुसरीकडे बघा. फोन उचलला असता, तर नको म्हणायची सोय होती.