पाऊस अडवणाऱ्या मिरच्या

अखिल-मलंगनगर-पाकशाला-सम्राज्ञी, कुक्कुटकुल-पालिनी श्रीमती सुलास्त्रीदेवी यांच्या चरणी स्वतंत्र रॉक-बँडचा तहहयात अध्यक्ष हर्योनो याचा साष्टांग दंडवत.

प्रकृती उत्तम आहे. हा कार्यक्रम करून बँड विसर्जित करीन, असे तुला वचन दिले होते.

पाऊस थोपवण्यासाठी आपल्या जावाच्या रीतीप्रमाणे मंचामागे काडीला मिरच्या टोचून ठेवल्या होत्या. आमच्या ड्रमवाल्या सुगेंगने त्या खाल्ल्या!

“राक्षसा, हे काय केलेस?”

“दादा, टोफू नुसता कसा खाणार?”

मेघ कोसळले, वीज गेली. तरीही चिंब श्रोते अंधारात आमचेच गीत गात राहिले. गिटार उराशी धरून मी स्वप्नात असल्यासारखा ऐकत होतो.

विसर्जनाची घोषणा राहूनच गेली. रागावलीस का? धाकटीचा खोकला थांबला का?

तुझाच,
हर्योनो

ता. क. लॉजवर दोरी आहे, चिमटे नाहीत. मोजे वाळत कसे घालावेत?