लाखाचा गूळ

श्रावण वद्य नवमी, शुक्रवार. तंजावूर.

आज लाखाने पुढच्या पायांवर भार टाकायचंच सोडलं. खुरांना हात लावला, तर तव्यासारखे गरम. माझ्याच हातून झालं हे. बोल कुणाला लावू?

राज्य खालसा झालं, पागा मोडली, तेव्हा हा म्हातारा घोडा मी हौसेने घरी आणला. मिरवणुकीच्या घोड्याला रोज गूळ, तूप, मेथी, हळद यांचा गोळा द्यायचा, हा पागेचा रिवाज. तोच मी चालू ठेवला. अंग सुकलंय, जोर येईल, असं वाटे. खरंच तसं वाटे का? की पागेतला घोडा माझ्या दारी कुळीथ-गवतावर दिसायला नको, एवढंच?

आमच्या हिने परवाच विचारलं होतं, "अहो, तो दिवसभर खुंट्याला उभा. स्वारी नाही, तर स्वारीचा खुराक कशाला?"

"पागेतलं तुला काय कळतं?" म्हणालो, आणि तिच्यादेखत गुळाचा आणखी एक खडा चारला.

बसून खाल्लेला गूळच खुरांत उतरला, म्हणत आज घोड्यांच्या वैद्याने गूळ-तूप बंद केलं. नुसतं वाळलेलं गवत. पाय सुधारतील का, ते त्यालाही सांगवेना. गवत टाकलं, पण लाखा माझा तळहातच हुंगत राहिला. गूळ शोधत होता.

आत्ता देवळात वाजंत्री सुरू झाली. मिरवणुकीत वाजायची तीच. लाखाने मान ताठ केली, पाऊल उचललं, आणि टेकवताना कळवळला.

मी उठून रस्त्याकडचं दार लावून घेतलं. त्याला ऐकू येऊ नये म्हणून.