बुडबुडे आपोआप जातात

१० सप्टेंबर
ऑर्डर मिळाली! टेकडीवरच्या नव्या मनोऱ्याची काचेची जमीन आपला कारखाना करणार. मेव्हणा व्लास्तिमिल गावचा महापौर आहे, हा निव्वळ योगायोग. उद्घाटन २८ ऑक्टोबरला, राष्ट्रीय दिनी. आमची लेक ल्युडमिला तिच्या शाळेतल्या पोरांना घेऊन त्याच काचेवर गाणार. खाली नुसती पोकळी. संकल्प: एकही बुडबुडा नसलेली काच.

१४ सप्टेंबर, रविवार
पावसानंतर जंगल अळंब्यांनी फुललंय. टोपल्या भरून आणल्या. माळ्यावर वाळवल्या की दरवर्षी बुरशी येते आणि नाताळच्या सूपची वाट लागते.

१५ सप्टेंबर
ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली असती तर त्याचा सत्कार झाला असता. दोन काचांमध्ये जो मऊ प्लास्टिकचा थर घालतो, त्याचे रोल आपण कोरड्या खोलीत ठेवतो. थर ओल पितो, आणि ओला थर काचेला धरत नाही. एवढी कोरडी हवा अख्ख्या बोहेमियात नाही! अळंब्या दोऱ्यांत ओवून तिथे टांगल्या.

१८ सप्टेंबर
खोलीला जंगलाचा वास. मला आवडतो. ब्लाझेना म्हणाली, ओलाव्याचा काटा चढलाय. म्हटलं, काटा बिघडलाय. "आणि हे काय लटकतंय, पडदे?" बायको भागीदार असली की असं ऐकून घ्यावं लागतं. अळंब्या काढायचं कबूल केलं. सोमवारी काढीन. काट्यावर टोपी टांगली.

२६ सप्टेंबर
काच, थर, काच. रुळांतून दाबून काढली, मग मोठ्या कुकरमध्ये घातली. बाहेर आली ती आरपार. उगाच घाबरतात लोक.

३ ऑक्टोबर
कडेला एक बुडबुडा. मोहरीएवढा. बुडबुडे आपोआप जातात.

९ ऑक्टोबर
गेला नाही. भावंडं आली. ब्लाझेनाने पाहिलंच. "दुसरी कर. काच फुटली तरी माणूस खाली जाऊ नये म्हणून तर तो थर असतो ना रे?" म्हटलं, फुटेलच कशाला? तिने नव्या काचेच्या मागणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. करतो म्हटलं.

१३ ऑक्टोबर
तेवढी जाड काच महिनाभर मिळणार नाही. तारीख पुढे ढकला म्हणून व्लास्तिमिलला सांगायचं ठरवून गेलो. त्याने बीअर मागवली आणि सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नाही सांगितलं. ब्लाझेनाला सांगितलं, नवी केली. कडेची रबरी पट्टी रुंद घेतली, की झालं. झाकलेला बुडबुडा कुणाला दिसतो?

२१ ऑक्टोबर
काच बसवली. दुपारी ऊन पडलं. बुडबुडे पट्टीच्या बाहेर आलेत. मधोमध सरकतायत, सावकाश, एकमेकांना चिकटून. उन्हाचा भास असणार.

२५ ऑक्टोबर
जेवण जात नाही. ल्युडमिला सांगत होती, पोरं विचारतायत, "बाई, काचेवर उड्या मारल्या तर चालेल?" तिने सांगितलंय, बाबांची काच आहे, हत्ती नाचवा. मी हसलो.

२८ ऑक्टोबर
बँड, झेंडे, अख्खं गाव. पोरं ओळीत उभी. व्लास्तिमिल माइकवर म्हणाला, "ज्याने काच केली त्याचं पहिलं पाऊल! चला दाजी!" म्हटलं, गुडघा दुखतोय. ब्लाझेना हसली. "ह्याचा गुडघा सणावारीच दुखतो. सरक, मी जाते." तिने पाय उचलला. मागे ल्युडमिला, तिचा हात धरून.
मी ओरडलो. "थांब! ती जुनीच आहे!"
माइक चालू होता. बँड थांबला.

२९ ऑक्टोबर
काच उतरवली. ब्लाझेनाने कडेला सुरीचं टोक घातलं. थर सायीसारखा सुटून आला, हाताने, सबंध. ती तिथेच खाली बसली. म्हणाली, "ल्युडमिला माझ्या मागेच होती."
सांगणार होतो, वाचवलं तर मीच ना! वेळेवर ओरडलो ना!
नाही सांगितलं. ओरडलास म्हणजे काय होणार ते तुला आधीच माहीत होतं, असं ती म्हणाली असती.