सांडव्यावरची हाक

बीड, गुरुवार

प्रिय कलीम,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या व्हॉइस मेसेजचा मी जाहीर निषेध करतो. साक्षर माणसाने मित्राला वारा, उंटांच्या घंटा आणि मागच्या गाडीचा हॉर्न यांच्यासकट एवढा लांबलचक आवाज पाठवावा आणि शेवटी 'ऐकलं का बे पंडित' असं विचारावं, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. संस्कृतच्या तासाला माझ्या शेजारी बसून माझ्यापेक्षा सुबक देवनागरी लिहिणारा तूच ना? मग लिही की. मीही लिहितोय. कागदावर उतरवून त्याचा फोटो पाठवतो, कारण पोस्टाने पाठवलं तर पत्र पोचेपर्यंत तुझ्या ओमानातल्या सलालाचं धुकं विरून जाईल.

तुझं आमंत्रण तुझ्या वहिनीने, विजयमालाने, फारच मनावर घेतलंय. पुढच्या पावसाळ्यात जायचं म्हणून तिने आत्ताच नवी छत्री आणलीय. तिकडे त्या धुक्याच्या दिवसांना खरीफ म्हणतात हे कळल्यापासून तुझे मेहुणे वाहेदभाई ज्याला त्याला विचारतात, "मग तिथं सोयाबीन लावत्यात का कापूस?" तुझी सलिमाआपा त्यांना फळाच्या गाड्यामागून डोळे वटारते. तू पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. हिरवे डोंगर, त्यांच्यावर उतरलेले ढग, आणि कड्याच्या टोकावर दात काढत उभा असलेला तू. आपल्या बालाघाटाने तेवढ्या दिवसांपुरतं परदेशगमन केल्यासारखं वाटतं. यायची फार इच्छा आहे. पण रविवारपासून मी घाबरलेलो आहे, आणि तुला हो म्हणण्याआधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा. तो तूच करू शकतोस, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

यंदा बिंदुसरा धरण भरलं. पालीच्या सांडव्यावरून पाण्याची चादर पडायला लागली की पहिल्या रविवारी आपण जातो, हा नेम तू परदेशी गेलास म्हणून मोडलेला नाही. वाहेदभाईंच्या छोटा हत्ती टेम्पोत पुढे दोघी, आणि मागे रिकाम्या कॅरेटांत मी, नाइलाजाने फळासारखा. सोबत हंगामातली पहिली सीताफळं. बी पाण्यात कुणाची लांब जाते ही स्पर्धाही झाली. तुझा विक्रम अजून अबाधित आहे. सलिमाआपा म्हणाली, "सर, तुमच्या बिया तर पायावरच पडत्यात. श्लोक म्हणून म्हणून तोंडातला दम गेलाय सगळा." विजयमाला इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग मला बुद्धी सुचली की तुझ्यासाठी चादरीचा व्हिडिओ काढावा. तू उंट दाखवतोस, मी पाणी दाखवीन. मी कडेच्या दगडावर चढलो. समोर पाण्याकडे तोंड करून दहाबारा माणसं ओळीने उभी होती, बायकापोरांसह आलेली, हातात भाजलेली कणसं. ती ओळ, तिच्यापलीकडे पांढरं पाणी, वर ढग, असं दृश्य जुळवण्यात मी रमलो. विजयमालाचे हात सीताफळाने चिकट झाले होते. ते धुवायला ती माझ्या मागच्या अंगाला, जिथे सांडव्याचं पाणी खडकावरून पातळ वाहत जातं तिथे गेली. माझ्यापासून फार लांब नव्हे, आपल्या वर्गातला फळा शेवटच्या बाकापासून असायचा तेवढी. खडकावर शेवाळ होतं. ती घसरली ती थेट खालच्या डोहाच्या तोंडाशी. कमरेपर्यंत पाण्यात, आणि हातात वेड्या बाभळीची एक फांदी.

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक माणूस हातातलं कणीस टाकून तरातरा माझ्याकडे येतोय. मला वाटलं, याच्या बायकोचं चित्रीकरण केलं म्हणून हा आता माझी गचांडी धरणार. मी अत्यंत सुसंस्कृतपणे फोन बाजूला घेतला आणि क्षमा मागायला तोंड उघडलं. तो मला ओलांडून पुढे गेला. तेव्हा मी वळलो. वाहेदभाईंना गाडीपासूनच तिचा पदर वाहताना दिसला होता. ते पळत येत होते. त्या दोघांनी तिला वर ओढलं. मी फक्त तिची चप्पल धरून उभा होतो. ती माझ्या हातात कशी आली, ते आठवत नाही.

तिचे तळहात काट्यांनी फाटलेत, बाकी सुखरूप आहे. परत येताना मलाही पुढेच कोंबून घेतलं होतं. ती म्हणाली, "पाणीच किती वाजत होतं, तुम्हाला कसं ऐकू जाणार?" मी लगेच मान डोलावली. पण सलिमाआपाला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो अहो म्हणून वरडली बिचारी, तिथले सगळे नवरे वळले, आमचे सर सोडून. आन् मग तर भाभीनं तुमचं नाव घेतलं की वो, चांगलं खणखणीत." विजयमाला तिला म्हणाली, "काहीतरीच तुझं." आणि खिडकीबाहेर बघत बसली. कलीम, सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही ओळीत लपवून.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ पाहिला. दार लावून, फोन कानाला चिकटवून, आवाज पूर्ण मोठा करून. सुरुवातीला ओळीतले सगळे पाण्याकडे बघतायत. मग एका माणसाची मान वळते. मग दुसऱ्याची. मग सगळी ओळ एकदम वळते आणि थेट माझ्याकडे बघते. मी मात्र चित्र हलू नये म्हणून हात स्थिर धरलाय, फार सुंदर स्थिर. त्या वळलेल्या माना मी कितीदा पाहिल्या असतील. हाक कुठेच नाही. एक खरखर आहे, तिलाच मी पाणी म्हणत होतो.

आता तुला कळलं असेल, मी तुझे फोन का उचलत नाही आणि व्हॉइस मेसेजवर एवढा का उखडतो. त्यातल्या घंटा आणि हॉर्नही विजयमालाने ऐकून सांगितले, म्हणून कळले. गेल्या दिवाळीपासून मी सगळ्यांना हसवून वेळ मारून नेतोय. कुकर माझ्या शेजारी शिट्या देतो आणि विजयमाला आतून येऊन गॅस बंद करते. मी म्हणतो, मी समाधीत होतो. वर्गात मागचा मुलगा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखतो. डॉक्टरकडे गेलेलो नाही. तिला सांगितलेलं नाही. तिला कळलं असणारच, म्हणूनच तिने तो दोष पाण्यावर ढकलला.

या पत्राबरोबर तो व्हिडिओ पाठवतोय. गल्लीच्या तोंडाशी आलेल्या मोटरसायकलचा कोणता भाग वाजतोय ते तू गॅरेजातून ओळखायचास, म्हणून हे काम तुझं. नीट ऐक. ती किती वेळा ओरडली आणि खरंच माझं नाव घेतलं का, ते मला लिहून कळव, बोलून नको. घेतलं असेल तर ते तिच्या तोंडून कसं वाटलं, तेही लिही. तुझ्या त्या कड्यावर यायला मला आवडेल रे. पण तिथे धुक्यात समोरचं माणूस दिसत नाही असं तूच सांगितलंस, आणि ती मला हाक मारील तेव्हा मी पाठमोरा उभा असेन, याची मला भीती वाटते.

तुझाच,
उत्तरेश्वर